रिकामे चौकोन

परवा दुपारी माझी मुलगी सई संगणकावर काहीतरी वाचत होती. मजकुराच्या मध्येच रिकाम्या चौकोनांची एक ओळ दिसली. "हे काय गं?" मी विचारलं.

"मेसोपोटेमियातली जुनी लिपी. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा दाबायचे. आता प्रत्येक खुणेला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या सामायिक यादीत, क्रमांक मिळालाय. आपल्याकडे फॉन्ट नाही, म्हणून चौकोन."

तिने फॉन्ट उतरवून घेतला आणि चौकोनांच्या जागी पाचरीसारख्या खुणा उमटल्या, ओल्या मातीत चिमण्या नाचून गेल्यासारख्या. हजारो वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी हात आमच्या टेबलावर आला होता. कौतुक वाटायचं सोडून मला आईची जुनी फाइल आठवली.

शेवटच्या वर्षी आई माहेरच्या आठवणी सांगायची आणि मी त्या टाइप करायचे. तेव्हा आमच्याकडे युनिकोड कुठलं! मिळेल तो मराठी फॉन्ट टाकायचा, झालं.

"सई, आजीची फाइल उघड बरं."

पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. त्या फॉन्टने आईचा एकही शब्द मराठीत साठवला नव्हता. रोमन अक्षरांवर नुसता मराठी मुखवटा चढवला होता. फॉन्ट गेला, मुखवटा गळून पडला. मातीची पाटी निदान खोटं बोलली नव्हती.

"घाबरू नकोस गं," सई म्हणाली. "फॉन्टचं नाव आठवतंय?"

"नाही."

"बरं, पहिलं वाक्य सांग. त्यावरून अक्षरं जुळवता येतील."

मी डोळे मिटले. आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, मध्येच थांबून घेतलेला श्वाससुद्धा. शब्द मात्र एकही नाही.