मौलाची टांगलेली गाडी

"गाडी चाकावर न्हाय, बसणाऱ्याच्या पोटावर चालती," असं मौला ऊठसूट म्हणायचा. शाहू महाराजांच्या राज्यात शाहूपुरीची पेठ नुकती वसत होती, तेव्हा तिथं एका छपराखाली तो घोडागाड्या बांधायचा. त्याच्या गाडीत बसलेल्याच्या हातातलं पाणी सांडत नाही, असा त्याचा लौकिक होता.

आणि त्याचीच लेक मदिना लग्नाच्या गाडीत पन्हाळ्यापर्यंत ओकत गेली. माहेरपणाला आली तीही ओकतच. मग गाडीचं नाव काढलं की रडायला लागली. सासूचा, बेगमचा, निरोप आला : आमची सून पडद्याच्या गाडीतूनच येईल, यायचं नसेल तर तसं कळवा.

मौलाला वाटलं, घाटातली दरी दिसून घेरी येत असेल. त्यानं पडदे दुहेरी केले. मग कोल्हापूरकराला सुचावं तेच त्याला सुचलं. तालमीत अंग कसतं, तसं पोटही कसेल! त्यानं जुन्या गाडीचा डबा तुळईला दोरांनी टांगला, पडदे सोडले, मदिनेला आत बसवलं आणि रोज सकाळी झुलवू लागला. चढ, खड्डा, वळण, सगळं हुबेहूब.

मदिना रोज ओकू लागली.

शेजारच्या तानाबाईला चेव आला. "मौलाभाई, गाडी जागची हलंना, आन् पोरगी गड चढून आल्यागत पिवळी!"

"सराव लागतोय, तानाबाई."

"कशाचा? ओकायचा व्हय?"

शेवटी त्याची बायको सुगरा वैतागली. "जल्मभर पुढच्या बैठकीवर बसलासा. एकडाव आत बसून बघा की."

मौला आत बसला. सुगरानं दोर ओढला. डोळ्यांपुढं पडदा, जागच्या जागी. डोळे म्हणत होते, तू बसून आहेस. पोट म्हणत होतं, तू खड्ड्यात गेलास. दोन साक्षीदार उलटसुलट बोलू लागले आणि सकाळची भाकरी घशाशी आली. धडपडत त्यानं पडदा ओढला. तो जरासाच सरकला. फटीतून दारातली चिंच दिसली. डबा इकडं आला की चिंच तिकडं सरायची. हळूहळू पोट गप झालं.

"थांबू का?" सुगरानं विचारलं.

"न्हाय. आनखी जोरात झुलीव!"

पुढचा पडदा काढून त्यानं तिथं बारीक कामट्यांचा चिक लावला. आतून रस्ता दिसावा, बाहेरून आतलं काही दिसू नये. मदिना त्यात पोटभर झुलली आणि म्हणाली, "अब्बा, भूक लागली."

डबा पुन्हा चाकांवर चढवून तो लेकीला सासरी पोचवायला निघाला. पन्हाळ्याच्या घाटात मौला पुढं बसला होता, पण त्याचे कान मागंच होते. ओकारी आली नाही. शेवटच्या वळणावर लेकीचं गुणगुणणं तेवढं आलं. तेव्हा कुठं त्यानं लगामावरची मूठ सैल केली.

तरी सासू होतीच. बेगमनं चिकाला बाहेरून डोळा लावला. मग आत बसून बाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आतलं कायबी दिसत न्हाय. पडदाच हाय ह्यो," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "पावणं, गाडी हितंच ऱ्हाऊ द्या की. मलाबी माहेराला जाऊन लई वर्सं झाली. गाडीत बसलं की माझंबी असंच हुतंय. पर सांगायचं कुनाला?"

मदिना फसकन हसली.

मौलानं गाडीचा घोडा सोडवला, त्याचा लगाम हातात घेतला आणि पायीच घाट उतरू लागला. चिकाआड सासू-सून खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. तो वळणाआड जाईपर्यंत दोघी बघत राहिल्या.