संभाजीच्या दिव्यापाशी

पंचफुलाबाई मराठवाड्यातून लग्न होऊन हैदराबादला आल्या आणि चिक्कडपल्लीत राहिल्या. कोठी भागातल्या एका दवाखान्यात त्यांनी आयाचं काम केलं. नवरा संभाजी मात्र दूर आंध्रच्या किनाऱ्यावर, जुन्या दीपगृहात नोकरीला. सुट्टीवर आला की म्हणायचा, "एकदा चल, समुद्र दाखवतो." पण तेव्हा बाहेरच्या माणसाला वर सोडत नसत, आणि बाईंना रजा मिळत नसे.

एका वर्षी मोठं वादळ आलं. गावाला सुरक्षित जागी हलवलं. संभाजी गेला नाही. दिव्याचा बंद पडलेला जनरेटर सुरू करायला तो खोलीत शिरला आणि भिंत अंगावर कोसळली. पंचफुलाबाईंनी लेकीला, दीपमालाला, एकटीनं वाढवलं. नवऱ्याचं नाव निघालं की म्हणत, "सगळे निघाले, यालाच काय झालं होतं?" पुढं बोलत नसत.

आता ते दीपगृह लोकांना पाहायला खुलं झालं. दीपमाला आईला घेऊन गेली.

"आई, गुडघे दुखतील. नक्को चढू."

"हल्लू हल्लू चढते."

गोल जिना चढताना त्या भिंतीला हात लावत होत्या. वरचा तेलुगू कर्मचारी म्हणाला, "मेल्लगा अम्मा, सावकाश," आणि हात देऊन त्यांना गॅलरीत घेतलं.

समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. दूर मासेमारीच्या होड्या होत्या, तिळाएवढ्या.

"वादळात पण या असतात का बाहेर?" त्यांनी कर्मचाऱ्याला तेलुगूत विचारलं.

"कधी अडकतात, अम्मा. इथला माणूस भिंतीखाली गेला, त्या वादळात पण होत्या. माझा बाप होता एकीत. दिवा पुन्हा लागला, तो बघून किनाऱ्याला आला."

पंचफुलाबाईंनी कठडा घट्ट धरला. भिंत पडण्याआधी संभाजीनं दिवा लावला होता, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे लागला होता," त्या म्हणाल्या. मग पदर डोक्यावर घेऊन त्यांनी हात जोडले आणि हलक्या आवाजात बुद्धाचं त्रिशरण म्हटलं. शेजारी फोटो काढणारी पोरं थांबली.

परतीच्या बसमध्ये त्या आपणहून बोलू लागल्या. संभाजी भाकरी कशी जाळायचा, लग्नात कसा लाजला होता. बापाबद्दल दीपमाला हे पहिल्यांदाच ऐकत होती. हैदराबादचं दिलसुखनगर आलं, तरी आईचं सांगणं चालूच होतं.