मागच्या ब्रेकचा बोल्ट

चोराला तोंडावर चोर म्हणायला आपण भीत नाही, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आता तो नाही.

बाबांची फटफटी त्यांच्या माघारी अकरा वर्षं पडवीत गोणपाटाखाली उभी होती. याच गाडीवर ते मुरबाडपासून सिद्धगडच्या पायथ्यापर्यंतच्या वाड्यांवर गुरांना टोचायला जायचे, आणि पोलिओनं पाय गेलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला शाळेत सोडायचे. मी ती पुन्हा चालू करायला घेतली. ठाण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, तिथे ती न्यायची होती, आणि तिथे एकूण एक बोल्ट मूळचाच लागतो.

दोन गोष्टी जुळेनात. मागच्या ब्रेकचं पायडल ज्या बोल्टावर फिरतं, तो मूळचा नव्हता. कोणीतरी साधी सळई कापून, तार पिळून बसवली होती. आणि बाबांच्या हत्यारांच्या डब्यात एक भलताच तुकडा निघाला: वीतभर लांबीच्या दोन पोलादी पट्ट्या, टोकाला गोल, दोन्हींना भोक, आणि ते भोक झिजून लांबट झालेलं. गाडीत तो कुठेच बसेना. मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या ग्रुपात फोटो टाकला, तर एक म्हणे स्टँडचा, दुसरा म्हणे चेनच्या झाकणाचा. तिसऱ्यानं तर तो कुठल्या सालच्या गाडीचा तेही छातीठोक सांगितलं. 'मला माहीत नाही' असं एकाही दीडशहाण्यानं म्हटलं नाही. त्यांचं ऐकून मी तीन रविवार तो तुकडा नको तिथे ठोकत बसलो. स्टँडचा रंग उडाला तो वेगळाच.

बाबा सोडून या गाडीला हात लागला होता तो एकाच माणसाचा, किन्हवलीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा. म्हणजे त्यानंच हा बिनकामाचा तुकडा बाबांच्या गळ्यात मारला, बोल्ट काढून विकला आणि सळई ठोकून त्यांना फसवलं. आणि तोही ब्रेकचा! उतारावर बाबा त्या सळईच्या भरवशावर होते, या विचारानं माझं डोकंच फिरलं.

तडक गेलो. त्याच्या गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर एसटीची वाट बघणारी पाच-सहा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत तुकडा त्याच्यापुढे आपटला. "मिस्त्री, हे भंगार तुम्ही माझ्या बापाच्या गळ्यात मारलंत. मूळचा बोल्ट कुठे विकला?"

त्यानं तुकडा डोळ्यांजवळ नेला, अंगठ्यानं भोक चाचपलं. मग म्हणाला, "ह्यो गाडीचा नाय. आन् बोल्ट मी इकला नाय. जास्ती मला नको इचारू."

"का? आता वाचा बसली?" मी म्हणालो, बापाच्या वयाच्या माणसाला. चोर असंही म्हणालो, दोनदा. तो खाली बघून पाने पुसत राहिला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

म्हसाच्या जत्रेला ताई माहेरी आली. पडवीत वर्तमानपत्रावर सगळे सुटे भाग मांडलेले होते. तो तुकडा बघून ती थबकली, काठी भिंतीला टेकवली आणि हसली. "अरे, ह्यो माजा गुडघा हाय. तुला कुठं गावला रे?"

तिनं खुर्चीत बसून साडी गुडघ्यापर्यंत सारली. कॅलिपर, म्हणजे तिच्या पायाला बांधलेला तो लोखंडी आधार, मी असा उघडा कधी पाहिलाच नव्हता. ती झाकायची आणि मी बघायचं टाळायचो. गुडघ्याच्या सांध्यात तो बोल्ट होता. गाडीच्या बाकीच्या बोल्टांवर आहे तोच छाप त्याच्या डोक्यावर होता.

दहावीच्या परीक्षेला आठ दिवस असताना तिचा हा सांधा झिजून निखळला होता. मुंबईहून नवा यायला दोन महिने लागणार होते. मिस्त्रीनं नव्या पट्ट्या घडवल्या आणि ब्रेकचा बोल्ट काढून त्यात घातला. बाबा जाणूनबुजून त्या सळईवर घाट उतरत होते.

"बाबांनी त्याला शपथ घातलेली, गावात बोलायचं नाय," ताई म्हणाली. "माजं लगीन व्हायचं व्हतं ना. फटफटीच्या पायाची पोर म्हनले असते."

पुढे कॅलिपर तीनदा बदलला. बोल्ट मात्र दर वेळी तिनं हट्टानं नव्यात घालून घेतला.

मी तेव्हा बालवाडीत होतो, पण ही सबब माझी मलाच पटेना. माझा संताप अजून तेवढाच होता, फक्त तो कुणावर काढायचा ते आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम एसटीच्या वेळेलाच किन्हवलीला गेलो. बाकडं भरलेलं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मी मिस्त्रींना चोर म्हणालो, ते खोटं होतं. माझी चूक झाली." आणि पाया पडायला वाकलो.

हात तेलकट होते म्हणून त्यानं मला कोपरानं अडवलं आणि गॅरेजच्या आत नेलं. बाकड्यावरची माणसं मान वळवून बघत होती. त्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, माझ्या कानाशी आला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तिच्या गुडघ्याचा बोल्ट ढिला झालाय काय रे?"