समृद्धीची उंची

दर्शना कोळीण कोपरीच्या बाजारात मासळी विकते. भाव पाडून मागणाऱ्याची ती पार सालटी काढते, पण कुणी तिच्या लेकीचं, समृद्धीचं, कौतुक केलं की तिचं तोंडच बंद होतं.

"दर्शने, तुजी पोर कशी गुबगुबीत झायली गो!" शेजारी बसणारी जाईबाई म्हणते. गुबगुबीत कसली! समृद्धीला लहानपणापासून मूत्रपिंडाचं दुखणं. ते उलटलं की स्टेरॉइडच्या गोळ्या. गोळ्यांनी अंगावरची सूज उतरते, गाल मात्र फुगतात, आणि उंची तिथल्या तिथे. पोर अकराची झाली, तरी पाठचा भाऊ हर्षित तिला केव्हाच मागे टाकून गेला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "दर्शनाताई, या औषधाने वाढीच्या हार्मोनचं काम मंदावतं. आजार आटोक्यात आला की डोस हळूहळू कमी करू, तेव्हा थोडी उंची भरून निघेल. पण मनाने गोळी बंद करू नका." दर्शनाने मान डोलावली. पटलं तिला निम्मंच.

नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत लुगडं नेसलेल्या पोरींना उंचीप्रमाणे उभं करतात. यंदाही समृद्धी पहिली-दुसरीतल्या पोरींत गेली. ती हसत उभी राहिली. लेकीला एकदा बरोबरीच्या पोरींत चालताना बघायचं, एवढीच आईची आस. फार मागत होती का बिचारी? दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी देणं बंद केलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

उंची काही अशी चार दिवसांत वाढत नसते, सूज वाढते. एका सकाळी समृद्धीचे डोळे उघडेनात. दर्शनाने तिच्या नडगीवर अंगठा दाबला. याच अंगठ्याने ती रोज मासा पारखते: खळगा भरून आला तर ताजा, राहिला तर शिळा. पोरीच्या पायावरचा खळगा तसाच राहिला.

तिने रिक्षा करून इस्पितळ गाठलं. डॉक्टरीणबाई बोल बोल बोलल्या, आणि कधी नव्हे ती दर्शना खाली मान घालून ऐकत राहिली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

सूज उतरल्यावर एक दिवस गोळी गिळता गिळता समृद्धीने विचारलं, "आई, मी अशीच बुटकी राहिले तर चालंल ना तुला?"

"चालंल गो बाय," दर्शना म्हणाली. "तू राहा, म्हंजे झालं."

हे तिने अगदी मनापासून सांगितलं. तरीही शाळा सुटल्यावर समृद्धीच्या वर्गातल्या पोरी बाजारातून जातात, तेव्हा दर्शनाच्या हातातला कोयता थांबतो, आणि त्या उंच पोरी वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहते.