सगळे फ्रॉक एकाच मापाचे

शिवणबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. "आधी माप, मग कात्री," हे त्या उन्हाळी शिबिरातल्या मुलींना दिवसभर ऐकवत. कुणी नुसत्या नजरेनं खडू ओढला की म्हणत, "अंदाज स्वयंपाकात चालतो गं. कापलेलं कापड रडून जोडलं जात नाही."

शाळेला सुट्टी होती. ड्रॉइंगच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून शिलाई मशीनं मांडली होती. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं स्वतः शिवलेला फ्रॉक घालून आईबापांसमोर यायचं ठरलं होतं. आदल्या दुपारी फ्रॉक तयार झाले आणि खिडकीजवळच्या दोरीवर टांगले गेले. पंख्याच्या वाऱ्यानं ते हलायला लागले, तशा बाई हातातली कात्री खाली ठेवून बघत राहिल्या.

रंग वेगळे, गळे वेगळे, बाह्या वेगळ्या. अंग मात्र एकाच मुलीचं. अरुंद खांदे, बारीक कंबर, डावा खांदा जरा उतरता. बाईंची लेक पंधराव्या वर्षी तापानं गेली, तेव्हा अशीच होती.

कागदावर फ्रॉकचा खाका कसा काढायचा हे शिकवताना बाईंनी उदाहरण म्हणून मापं सांगितली होती. टेप गळ्यातच राहिली, आकडे आपसूक ओठांवर आले. मुलींना कापायची घाई आणि समोर बाईंच्या हातचा तयार कागद! सगळ्यांनी तोच कापडावर ठेवला. बाई मधून फिरत होत्या, बघत होत्या, आणि कुणाला अडवलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी सालटी काढली असती. त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

एका मुलीचं तोंड कधी थांबत नसे, म्हणून तिला सगळ्या टकळी म्हणत. तिचा दंड बाहीत अडकला. "बाई, हात आत जाईना! आणि हिच्या अंगावर बघा, नुसतं पोतं! हे माप आहे तरी कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

टकळी हसली. "मग आता तिलाही व्हायचे नाहीत. वाढली असेल ना ती!"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "ती तेवढीच राहिली."

टकळीनं अडकलेला दंड बाहीतून सोडवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, राहू देत असेच. आम्ही नाही घालत उद्या."

बाईंच्या मनात आलं, खरंच राहू देत. मुलींना घरी पाठवावं, दार लावून घ्यावं, पंखा चालू ठेवावा आणि दोरीवरच्या या लेकीजवळ बसून राहावं. एवढा मोह त्यांना आयुष्यात कशाचा झाला नव्हता. पण समोर मुली उभ्या होत्या, सुया टोचून बोटं दुखवून घेतलेल्या, उद्याच्या कौतुकाला आसुसलेल्या.

"उसवा," त्या म्हणाल्या. "शिवणीत कापड भरपूर सोडलंय, निभेल. फक्त मला जरा बाहेर जाऊ द्या."

व्हरांड्यात धागे तुटल्याचा आवाज येत होता. बाईंनी कान झाकले नाहीत. तो थांबला तेव्हा त्या आत आल्या. दोरी रिकामी होती. त्यांनी तरी एकदा तिकडे बघून घेतलं.

"चल, सरळ उभी राहा," त्या टकळीला म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर टेप लावली. खांदा उबदार होता, श्वासागणिक हलत होता. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, तरी आकडा दिसेना. शेवटी तो टकळीनंच मान वळवून वाचला.