उद्यामावशीचा ‘आज’

आमच्या इमारतीत नवा भाडेकरू आला की त्याचं सामान वर चढायच्या आधी त्याच्या कानावर एक बातमी चढते. जिन्याखाली शिलाई मशीन घेऊन बसते ना, त्या बाईला अकरा भाषा येतात. पहिल्या मजल्यावर अकराच्या चौदा होतात. दुसऱ्यावर कळतं की ती पूर्वी कुठल्याशा वकिलातीत दुभाषी होती. गच्चीपर्यंत पोचेतो ती चक्क हेर झालेली असते आणि मशीन हा नुसता देखावा असतो. बॉबिनमध्ये म्हणे मायक्रोफोन आहे.

सगळ्या थापा. बॉबिनमध्ये दोराच आहे, आणि तोही निम्मा वेळ गुंतलेला. तिला भाषा येते एकच, आपली. तीही सासूबाई घरात असल्या तर फारशी वापरायला मिळत नाही. बाकीच्या भाषांतला तिला एकेक शब्द येतो. सगळ्यांतला तोच. उद्या.

म्हणून ती उद्यामावशी.

लग्न होऊन ती इथं आली तेव्हा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, अजूनही चालवतो. घरी सासूबाई आणि सासूबाईंचं मशीन. सासूबाईंनी सून पारखली, तिचा उलटा टाका पाहिला, ‘हं’ म्हणाल्या आणि मशीन तिच्या हवाली करून स्वतः काजं-बटणांकडे वळल्या. त्या ‘हं’चा अर्थ मावशी अजून शोधते आहे.

तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तळमजल्यावरचा नळवाला. आला तो फाटकी विजार घेऊन. त्याला आपली भाषा यायची नाही, तिला त्याची. कधी मिळणार, असं त्यानं मनगटावर बोट ठेवून विचारलं. ती म्हणाली, ‘उद्या.’ त्याला कळेना. मग तिनं गालाखाली हात घेऊन झोपेचं सोंग केलं, दचकून जागी झाली आणि बोटानं सूर्य उगवून दाखवला. नळवाल्याची कळी खुलली. ‘मान्याना!’

‘मान्याना,’ मावशीनं घोकलं. झालं काम.

कसलं काम? दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच नळवाला दारात हजर! चूळही न भरलेली मावशी एका बाजूला, विजारीविना कामावर जाता येत नाही म्हणून रडकुंडीला आलेला गृहस्थ दुसऱ्या बाजूला. त्याच्या भाषेत त्या एकाच शब्दाचे दोन अर्थ, उद्या आणि सकाळ. वर हिनं सूर्यही उगवून दाखवलेला. तेव्हापासून त्याला मान्याना म्हणताना मावशी सूर्य बरोब्बर डोक्यावर आणून ठेवते.

वरच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याची तर आणखी तऱ्हा. त्याच्याकडे ‘कल’ म्हणजे उद्याही आणि कालही. तो चार दिवस उशिरा उगवतो आणि तोऱ्यात सांगतो, ‘मी कल येणार म्हटलं होतं.’ मावशी म्हणते, ‘मग मीसुद्धा कलच देणार होते.’ भांडण तिथंच मिटतं, कारण दोघंही खरं बोलत असतात.

असं एकेक करत शब्द जमत गेले. नर्सबाईंचा ‘केशो’, बेकरीवाल्याचा ‘बुक्रा’. नव्या माणसाला मावशी नाव नंतर विचारते, आधी उद्या विचारते. आणि म्हणते ती अगदी ज्याच्या त्याच्या सुरात. बेकरीवाल्याचा ‘बुक्रा’ घशाच्या तळातून खरवडून काढते, की तो बिचारा आईच्या आठवणीनं नाक पुसतो.

आता कुणी म्हणेल, बाई आळशी दिसते. तसं मुळीच नाही. कपडा तिचा संध्याकाळीच शिवून होतो. पण जिन्याच्या वळणावर एक उंच खिडकी आहे, तिच्यातून सकाळी जिन्याखाली लख्ख उजेड उतरतो. त्या उजेडात उलटासुलटा करून पाहिल्याशिवाय मावशी कपडा हातचा सोडत नाही. ‘दिवा खोटं बोलतो गं बाई,’ ती म्हणते. ‘निळा दोरा काळा म्हणून खपवतो.’ राहत्या खोलीत मशीन नेण्याचा प्रश्नच नाही. तिथली खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. भर दुपारी तिथं सासूबाई मिठाऐवजी साखर घालतात आणि सुनेचं नाव पुढे करतात.

जिन्याखाली मशीनसमोर एक बाकडं आहे. ‘उद्या’वाले सगळे त्याच्यावर. नर्सबाईंनी बेकरीवाल्याचा खोकला तिथंच ऐकला आणि त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. टॅक्सीवाल्याच्या पोरीला सायकल शिकवायला नळवाला तिथूनच उठून गेला. सासूबाईंचं त्यावर एक ठरलेलं वाक्य आहे, तोंडात दोरा धरून बोललेलं: ‘आज कपडा दिला की गिऱ्हाईक सुटतं. उद्या म्हटलं की येत राहतं. येत राहिलं की त्याचं माणूस होतं.’

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना सूचनाराव जागे झाले.

सूचनाराव म्हणजे इमारतीचे व्यवस्थापक. मालकांनी नेमलेले. गृहस्थ वाईट नाहीत, पण दोन माणसं बोलताना दिसली की त्यांना कागद चिकटवावासा वाटतो. जिन्यासमोरची सबंध भिंत त्यांच्या सूचनांनी भरलेली. ‘रहिवाशांनी कृपया नोंद घ्यावी की...’ नोंद आजवर फक्त पालींनी घेतली. त्या कागदांमागेच राहतात.

नवी सूचना आली ती अशी: पार्सलं ठेवण्याची लोखंडी कपाटं बसवायची असल्यामुळे सदरहू जिन्याखालील जागा निष्कासित करण्यात येत आहे, कुणाची हरकत असल्यास शनिवारी सकाळी सभेत सांगावी, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल.

‘कोण कासावीस झालं?’ सासूबाईंनी विचारलं. त्यांचा एक कान रजेवर असतो.

‘निष्कासित, आई. म्हणजे आपल्याला उठवतायत.’

‘कुठून?’

‘इथून.’

सासूबाईंनी बटण लावता लावता एक टाका चुकवला. त्यांचा टाका चुकलेला मावशीनं कधी पाहिला नव्हता. ही जागा गेली म्हणजे तो उजेड गेला. उजेड गेला म्हणजे मशीन गेलं. ट्रकवाला नवरा फोनवर म्हणाला, ‘बघू काहीतरी,’ आणि तो असं म्हणाला की काही बघण्यासारखं उरलेलं नसतं हे ती ओळखून होती.

बोलायला हवं होतं. सभेत. उभं राहून. आयुष्यात ती सभेत कधी बोलली नव्हती. मापं घेताना तर तोंडात टाचण्या धरून सगळं आयुष्य हूं-हूंवर निभावलेलं. बाकड्यावरच्या मंडळींनी भाषण जुळवून दिलं आणि तालीम ठेवली. सूचनारावांच्या भूमिकेत अर्थातच अस्मादिक, कारण इमारतीतल्या कुणाचीही नक्कल करावी तर आम्हीच, आणि घसा खाकरून ‘सबब’ म्हणणं हा तर त्यांचा खास ठेका.

‘सबब,’ आम्ही नाकातून म्हणालो, ‘श्रीमतींनी आपलं म्हणणं मांडावं.’

मावशी उभी राहिली. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढायचंही तिला भान नव्हतं. भाषणाचं पहिलं वाक्य होतं, ‘आज मी तुमच्यासमोर उभी आहे.’ मावशी म्हणाली, ‘उद्या मी तुमच्यासमोर उभी आहे.’

हशा पिकला.

‘आज, मावशी, आज!’

‘तेच म्हणतेय. उद्या मी...’

पुन्हा. आणि पुन्हा. जीभच वळेना. इतकी वर्षं एका वळणाची सवय, गाडी आपोआप त्याच गल्लीत शिरायची. शेवटी अस्मादिकांनी जाहीर केलं, ‘तुमच्या तोंडून आज हा शब्द या जन्मी निघायचा नाही. लावा पैज! हरेल त्यानं सासूबाईंशेजारी बसून दिवसभर बटणं लावायची, आणि त्यांचं बोलणं नक्कल न करता ऐकायचं.’

‘नक्कल न करता?’ मावशी म्हणाली. ‘मग लागली पैज.’

शनिवार उजाडला. सूचनारावांनी मधोमध खुर्ची मांडली. शेजारी कपाटं बसवणारा मिस्त्री, हातात ड्रिल, मागे भिंतीला टेकवलेली कपाटं. पायऱ्यांवर वरपर्यंत माणसं. सूचनारावांना जरा बुचकळ्यात पडल्यासारखं झालं, कारण त्यांच्या सभेला आजवर ते आणि त्यांची खुर्ची एवढेच जमायचे.

‘सदरहू जागेच्या निष्कासनाबाबत कोणाची हरकत?’

हरकत सगळ्यांची होती, पण त्या वाक्यातलं ‘कोणाची’ सोडून कुणाला काही कळलंच नव्हतं. नळवाल्यानं नर्सबाईंकडे पाहिलं, नर्सबाईंनी बेकरीवाल्याकडे.

‘तर मग संमती...’

मावशी उठली. समोर पायऱ्यांवर चेहरेच चेहरे. भाषण कुठल्या कुठे उडालं. मिस्त्रीनं ड्रिलचा प्लग हातात घेतला तेव्हा तिच्या तोंडून निघाला तो एकच शब्द.

‘उद्या.’

‘काय उद्या?’ सूचनाराव म्हणाले.

‘उद्या,’ मावशी म्हणाली, या खेपेला जरा ठासून.

पायऱ्यांवर हालचाल झाली. हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता! ‘मान्याना!’ नळवाला गरजला आणि त्यानं सूर्य डोक्यावर आणून ठेवला. ‘केशो,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘बुक्रा!’ घशाच्या तळातून. ‘कल,’ टॅक्सीवाला, ‘आणि कलही!’ मग वरच्या मजल्यांवरून, कठड्यांवरून, एकेका दारातून तोच शब्द वेगवेगळे कपडे घालून खाली येत राहिला. मावशीला तो प्रत्येक कपड्यात ओळखू येत होता. तिनेच तर मापं घेतली होती.

सूचनाराव घामाघूम. त्यांच्या नियमांत ‘हो’ला जागा होती, ‘नाही’ला जागा होती. ‘उद्या’ला नव्हती.

‘सबब,’ ते म्हणाले, ‘सभा उद्या.’

उद्या सभा झाली. मावशी उठली आणि तोच शब्द म्हणाली, आणि जिना पुन्हा दुमदुमला. तिसऱ्या सभेला पोरं खास उठून आली, हे बघायला. तोवर मिस्त्रीची विजार गुडघ्यावर फाटली होती. ती त्यानं मावशीकडे टाकली आणि बेकरीवाल्याचा ॲप्रन नेसून बाकड्यावर बसला. सूचनारावांनी विचारलं, ‘तू तरी काम कधी सुरू करणार?’ तर तो मावशीकडे हात दाखवून गंभीरपणे म्हणाला, ‘फर्दा, साहेब.’ मावशीनं शब्द तिथल्या तिथं टिपून घेतला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

पण सभा किती दिवस उद्यावर ढकलणार? मावशीला ते कळत होतं. शब्द ताणला तर शिवणीसारखाच उसवतो. पुढच्या सकाळी सूचनाराव आले ते ओठ घट्ट मिटून. आज ऐकून घ्यायचं नाही, असं ठरवून आलेले. खुर्चीवर कुणाचं तरी पोर झोपलेलं, म्हणून बाकड्यावर टेकले. सासूबाईंच्या अगदी शेजारी.

‘कोटाचं बटण लोंबतंय,’ सासूबाई म्हणाल्या.

‘असू दे, आजी. आज अंतिम...’

‘लोंबतंय म्हणते ना!’ सुई ओवलेलीच होती. सूचनाराव हूं की चूं करायच्या आत गळ्याखालच्या बटणात दोरा गेला. ‘हलू नका. टोचली तर माझं नाव नाही.’

सूचनाराव हनुवटी वर करून बसले. इमारतीचा व्यवस्थापक, पण सध्या एका दोऱ्यानं म्हातारीला बांधलेला. हनुवटी वर असल्यामुळे त्यांना समोरचं बघण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मावशीनं मशीन थांबवलं. भाषण तिला आताही आठवत नव्हतं, पण आता ते लागणार नव्हतं. इथं सभा कुठे होती? बाकड्यावर एक गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तिच्या हातचा मळ.

‘साहेब, कपाटांना उजेड लागतो का हो?’

‘लोखंडाला कसला उजेड?’ सूचनाराव छताकडे तोंड करून म्हणाले.

‘मला लागतो. बघा, आईंना सुई दिसतेय ती त्या खिडकीमुळे. नाहीतर आत्ता ती कुठं गेली असती, कुणी सांगावं?’

सूचनारावांनी आवंढा गिळला. अगदी सावकाश, सुईला धक्का न लावता.

‘मग कपाटं लावायला समोरच्या भिंतीला काय धाड भरलीय?’ सासूबाईंनी गाठ मारत विचारलं.

‘तिथं... तिथं सूचना आहेत.’

‘काय लिहिलंय त्यांत?’

सूचनारावांनी भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पिवळे पडलेले कागद, एकावर एक, आणि मधून डोकावणारी पालीची शेपटी. ‘खरं सांगू?’ ते म्हणाले, ‘मलाही आठवत नाही.’

सासूबाईंनी दोरा दातानं तोडला. सूचनाराव सुटले. उठून उभे राहिले, बटण लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावलं.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘बाईंची जागा बाईंना. कपाटं समोरच्या भिंतीला.’ आणि एवढं मोठं पाऊल उचलल्यावर जरा दम खावा म्हणून त्यांनी पुढं जोडलं, ‘लावू... उद्या.’

मावशी ताडकन उठली. कात्री हातात, टाचण्या तोंडात. त्या तिनं फू करून तळहातावर काढल्या.

‘उद्या कशाला? आज!’

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग नळवाल्यानं आरोळी ठोकली, मिस्त्री ॲप्रनवरच ड्रिल घेऊन भिंतीकडे धावला, आणि सूचनाराव स्वतःच्या हातानं आपल्या सूचना सोलू लागले. पाली बिऱ्हाड घेऊन छताकडे निघाल्या. गोंगाटात ज्याला त्याला मावशीचा हात हवा होता, पण तिची नजर गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

सापडलेच अस्मादिक, कठड्यामागे.

‘आज म्हटलं हं मी,’ मावशी म्हणाली. ‘सगळ्यांनी ऐकलं.’

‘मावशी, बटणं उद्यापासून...’ आम्ही तिच्याच आवाजात सुरुवात केली, हुबेहूब, अगदी तिचा तो लांबवलेला ‘द्या’ घेऊन.

सासूबाईंनी वर पाहिलंही नाही. बाकड्यावर शेजारची जागा हातानं झटकली, बटणांचा डबा तिथं आदळला आणि म्हणाल्या, ‘हं.’