मिस्त्रींच्या स्कूटरची रेस

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. विट्याला शाळेत असताना पिंपळावरची हडळ म्हणून जी गाजली होती ना... ती मीच होतो. आवाज काढायची खोड लहानपणापासूनची. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, बंद पडायला आलेली स्कूटर — सगळ्यांची नक्कल करतो. म्हणून माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हेही माहितीये. तरी लिहितो.

जागा — घाटकोपर पश्चिम, एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीतलं आमचं गॅरेज. शहाऐंशीचा मे, दुपारचे तीन. उकाड्याने डोकं आधीच तापलेलं, त्यात समोर बाबल्या मिस्त्रींची स्कूटर.

मिस्त्री म्हणजे माझे उस्ताद, मालवणकडचे. तीन वर्षांपूर्वी गणपतीला गावी गेले ते तिकडेच वारले. सहा महिने त्यांच्या हाताखाली होतो. शिकलो काय, तर त्यांच्या चार शिव्या. तेव्हापासून स्कूटर ताडपत्रीखाली. आता त्यांची पोरगी सुनंदा मुलुंडला कंपनीत लागली, तिने ती बाहेर काढली. झालं! उभी असली की भुर्र-फट्-भुर्र, रेस दिली की झटके. आदल्या दिवशी वळणावर अशी उसळली की पोरगी बेस्टच्या बसखाली जायची राहिली.

मिस्त्रींच्या बायकोने, आमच्या काकींनी, मग गॅरेजवर येऊन सरळच सांगितलं, "भंगारवाल्याला चार वाजता बोलवलंय. त्याच्या आत नीट झाली तर ठीक."

सुनंदा म्हणाली, "अण्णांची तेवढीच वस्तू राहिलीये रे. कर ना कायतरी."

कायतरी म्हणजे काय? कार्बोरेटर तीनदा उघडला. प्लग बदलला. टाकी धुतली. आयडलिंगचा स्क्रू फिरवून फिरवून बोटाला फोड आला. आणि स्कूटर — भुर्र-फट्-भुर्र! मी पान्हा आपटला. बाजूला रशीद टायर खोलत बसला होता. तो खिदळला, "अबे, तेरे से नहीं होगा. बाबल्या को ही बुला ले."

मी पण वैतागलेलो. म्हटलं, घे. कमरेवर हात, मान तिरकी, नाकातून आवाज — "अरे मेल्या, कार्बोरेटर कित्याक खोलतंस?"

रशीद हसला. सुनंदा पण हसली, ओठ चावून. माझी नक्कल इथेच संपते. मला मालवणी समजते, बोलता येत नाही. त्या चार शिव्या सोडल्या तर पाटी कोरी. पण तोंड थांबेचना...

"हँडल डावीकडे वळय. बाय, चूक माझी हा. गणपतीक जावची घाई होती. हेडलाइटीच्या मागे केबल बांधूक तुझी रिबीन घेतलंय. सोड ती."

रशीदचं हसू गेलं. मालवणीचं राहू द्या — 'चूक माझी' हे मिस्त्रींच्या तोंडून अख्ख्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. चाक निखळलं तरी चूक रस्त्याची असायची.

सुनंदाने — 'बाय' म्हणायचे ते तिलाच — हँडल डावीकडे वळवलं. कुणी रेस दिली नाही, तरी इंजिन किंचाळलं. सरळ केलं, आवाज खाली बसला.

हेडलाइटचे स्क्रू गंजून चिकटलेले. ठोकून ठोकून उघडला. आत ऍक्सिलरेटरची केबल लाल रिबिनीने पाईपला आवळून बांधलेली. नीट फूल काढून, शाळेतल्या पोरीच्या वेणीला बांधतात तसं. त्या जागी केबल मोडलेली, आतली तार गंजून अडकत होती. हँडल वळलं की ओढली जायची.

काकींनी रिबीन हातात घेतली. "मॅट्रिकात होती तेव्हा... हरवली म्हणून ह्या रिबिनीपायी मी पोरीक मारलंय रे." सुनंदा तोंड फिरवून उभी राहिली.

नवी केबल आणली, वरून तेल सोडलं, सैल वळण देऊन बसवली. चारला पाच कमी असताना किक मारली. झकास! एका सुरात, मांजर घुरघुरावं तशी. सुनंदा त्याच वळणापर्यंत जाऊन आली, एक झटका नाही. भंगारवाला हातगाडी घेऊन आला, तर काकी त्याच्यावरच खेकसल्या, "कोणी बोलवल्यान तुका?"

रशीद अजून म्हणतो, तूने पहले खोल के देखा होगा. अरे, गंजलेले स्क्रू तुझ्यासमोर ठोकले ना मी! आणि रिबीन कुणाची, ते मला कोण सांगणार? मालवणी कुठून आली? विचार करून करून डोक्याची वाट लागलीये.

आणि एक. हेडमास्तर येतो, कंडक्टर येतो, स्कूटर येते. मिस्त्री त्या दिवसापासून येत नाहीत. सुनंदा कधी गॅरेजवरून जाताना थांबते, म्हणते, "एकदा काढ ना रे अण्णांचा आवाज." मी कमरेवर हात ठेवतो, मान तिरकी करतो, तोंड उघडतो —

माझाच आवाज निघतो.